टॉय पॉमेरेनियन घरी आणताय? ते खेळणं नाही, दोन किलोचा पूर्ण कुत्रा आहे!

इन्स्टाग्रामवर कुत्र्यांची एखादी रील दोनदा बघितली की पुढे रांगच लागते. त्यात एक हमखास असते. चहाच्या कपात बसवलेलं, कापसाच्या बोळ्यासारखं पिल्लू, मागे गोड म्युझिक आणि खाली कमेंट्सचा पाऊस. ‘किती क्यूट!’, ‘मला पण हवंय!’ आणि ‘प्राइस प्लीज’.

या रीलमधलं पिल्लू बहुतेक वेळा टॉय पॉमेरेनियन असतं. वन बीएचकेमध्ये मावेल, खाणं थोडं, फिरवायला लांब न्यायला नको आणि चावलं तरी फार काय होणार? म्हणजे कुत्रा पाळायची हौसही भागेल आणि त्रासही नाही, असा साधा हिशोब असतो.

पण हा हिशोब एका जागी चुकतो. या कुत्र्याचा फक्त आकार छोटा केलेला आहे, त्याचं कुत्रेपण नाही. त्याला भीती वाटते, राग येतो, शिकायचं असतं, वास घेत फिरायचं असतं. आणि शरीर छोटं असल्यामुळे त्याच्या बाबतीत चुका करायला जागा मोठ्या कुत्र्यापेक्षा कमी असते. म्हणून पैसे मोजायच्या आधी हे सगळं नीट समजून घेऊया.

आपल्या लहानपणीचा ‘पामेरियन’ नेमका कोण होता?

नव्वदच्या दशकात प्रत्येक गल्लीत एक तरी पांढरा, झुबकेदार शेपटीचा, गेटवर आलेल्या पोस्टमनवर भुंकणारा कुत्रा असायचा. त्याला सगळे ‘पामेरियन’ म्हणायचे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन..!’ मधला टफी आठवतोय ना? तोही लोकांच्या दृष्टीने पामेरियनच.

गंमत म्हणजे यातले बहुतेक कुत्रे पॉमेरेनियन नव्हतेच. ते होते इंडियन स्पिट्झ. ही वेगळी जात आहे. इंडियन स्पिट्झ आपल्या हवेत रुळलेला, तुलनेने काटक आणि अंगाने मोठा असतो. त्यातल्या छोट्या प्रकाराचं वजनही पाच ते सात किलोपर्यंत जातं.

खरा पॉमेरेनियन याच्या निम्म्याहूनही कमी असतो. अमेरिकन केनेल क्लबच्या मापात त्याचं वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. ब्रिटनच्या केनेल क्लबच्या मते नर १.८ ते २ किलो आणि मादी २ ते २.५ किलो असणं आदर्श.

हा फरक महत्त्वाचा आहे. कारण ‘आमच्या मामाकडे पामेरियन होता, चौदा वर्षं काही झालं नाही, पोळी-भाजी खाऊन राहिला’ या अनुभवावर लोक टॉय पॉमेरेनियन घेतात. मामाकडे होता तो स्पिट्झ. त्याचे नियम याला लागू होत नाहीत.

बर्फातला कुत्रा मांडीवर कसा आला?

पॉमेरेनियन हे नाव आलं पॉमेरेनिया या प्रदेशावरून. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरचा हा भाग आज पोलंड आणि जर्मनी यांच्यात विभागलेला आहे. तिथले मूळ स्पिट्झ कुत्रे चांगले मोठे होते. त्यांचे पूर्वज उत्तरेकडच्या बर्फाळ भागातले, कष्टाची कामं करणारे कुत्रे.

त्यांना छोटं करण्याचं मोठं श्रेय जातं इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला. १८८८ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये असताना तिने मार्को नावाचा एक छोटा पॉमेरेनियन घेतला. पुढे तिने स्वतःच या कुत्र्यांची पैदास सुरू केली आणि प्रदर्शनांतही उतरवले. राणीला छोटे आवडतात म्हटल्यावर सगळ्यांनाच छोटे हवे झाले. १९०१ मध्ये तिच्या शेवटच्या आजारपणात तिचा तुरी नावाचा पॉमेरेनियन तिच्या पलंगावर होता, अशी नोंद आहे.

आणखी एक किस्सा. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावरचे फक्त तीन कुत्रे वाचले. त्यातले दोन पॉमेरेनियन होते आणि एक पेकिनीज. तिघेही हातात उचलून लाइफबोटीत नेता येतील एवढे छोटे होते.

आपल्या काळात या कुत्र्याला वेड लावणारी प्रसिद्धी दिली ती सोशल मीडियाने. अमेरिकेतला बू नावाचा पॉमेरेनियन फेसबुकवर ‘जगातला सर्वात क्यूट कुत्रा’ म्हणून गाजला. त्याच्या पेजला कोट्यवधी लाइक्स होते, त्याच्यावर पुस्तकं निघाली. २०१९ मध्ये तो वयाच्या बाराव्या वर्षी गेला.

आता प्रश्न पडतो की एवढा मोठा कुत्रा एवढा छोटा होतो कसा? २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात याचं मोठं उत्तर मिळालं. शरीराच्या वाढीशी संबंधित असलेल्या आयजीएफ-१ नावाच्या जनुकातला एक फरक छोट्या जातींमध्ये सर्रास सापडतो. २०२२ च्या संशोधनात तर याच जनुकाशी संबंधित, शरीर छोटं करणारा बदल सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही आढळला. म्हणजे छोटं होण्याची सोय निसर्गात आधीपासून होती. माणसाने ती निवडून निवडून पुढे नेली.

‘टीकप’ नावाची जात असते का?

नाही. ‘टीकप’, ‘मायक्रो’, ‘पॉकेट’ हे सगळे विक्रीसाठी वापरलेले शब्द आहेत. कोणताही मान्यताप्राप्त केनेल क्लब ‘टीकप पॉमेरेनियन’ अशी वेगळी जात मानत नाही.

मग ती इवलीशी पिल्लं येतात कुठून? एकाच वेताला जन्मलेल्या पिल्लांतलं सगळ्यात अशक्त पिल्लू ‘टीकप’ म्हणून विकलं जातं. किंवा अशाच अशक्त नर-मादीची पुन्हा पुन्हा जोडी लावली जाते. काही जण पिल्लू फार लवकर आईपासून तोडून विकतात, कारण पाच आठवड्यांचं पिल्लू आठ आठवड्यांच्या पिल्लापेक्षा लहानच दिसणार! तुम्ही ‘टीकप’ समजून आणता आणि दोन महिन्यांत ते नेहमीच्या पॉमेरेनियनएवढं होतं, हा त्यातल्या त्यात बरा शेवट. वाईट शेवट म्हणजे ते जगतच नाही.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. केंद्र सरकारचे श्वान पैदास आणि विक्रीबाबतचे नियम २०१७ मध्ये आले. त्यातल्या काही गोष्टी ग्राहक म्हणून माहीत असायलाच हव्यात.

– पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असायला हवी.
– आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.
– विकण्याआधी पिल्लाला मायक्रोचिप बसवलेली असायला हवी.
– मादी किमान १८ महिन्यांची असल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पैदास करता येत नाही. आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेळा.

शेवटचा मुद्दा नीट वाचा. पॉमेरेनियनची मादी दोन किलोची असते. पिल्लाचं डोकं मोठं आणि तिची कंबर अरुंद, त्यामुळे छोट्या जातींमध्ये बाळंतपण अनेकदा अडतं आणि सिझेरियन करावं लागतं. रीलमधल्या प्रत्येक पिल्लामागे अशी एक आई असते. म्हणून पिल्लू बघायला जाल तेव्हा आई बघायला मागा. ‘आई दुसरीकडे आहे’, ‘पार्सल पाठवतो’, ‘आधी ॲडव्हान्स टाका’ असं ऐकायला मिळालं तर तिथून निघा. पिल्लाच्या खऱ्या वयाची शंका असेल तर प्राण्यांचे डॉक्टर दातांवरून अंदाज देऊ शकतात.

पहिले तीन-चार महिने सगळ्यात नाजूक का असतात?

इतक्या छोट्या पिल्लांना एक धोका असतो, जो अनेक नव्या मालकांना माहीतच नसतो. तो म्हणजे रक्तातली साखर अचानक उतरणं.

पिल्लाचं यकृत छोटं, त्यात साखरेचा साठा थोडा. अंगावर चरबी नाही. शिवाय शरीर जितकं छोटं तितकी उष्णता लवकर निघून जाते, म्हणजे इंधन जास्त लागतं. अशात नव्या घरात घाबरून ते दोन वेळा जेवलं नाही, जुलाब झाले, थंडी वाजली किंवा मुलांनी दिवसभर खेळवून दमवलं, तर साखर झपकन खाली येते.

लक्षणं ओळखायला शिका. पिल्लू मलूल होतं, चालताना झोकांड्या खातं, थरथरतं, हाक मारली तरी बघत नाही. पुढे झटके येतात आणि बेशुद्ध पडतं. ‘दमलंय, झोपू दे’ असं म्हणून सोडून दिलं तर ते झोपेतून उठणारच नाही अशी शक्यता असते.

अशा वेळी बोटावर थोडा मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळा, टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्या आणि तसंच डॉक्टरकडे न्या. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. हे टाळायचं कसं? चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्या आणि रात्री फार मोठी खाडी पडू देऊ नका. सकाळी साडेआठला घर बंद करून संध्याकाळी सातला उघडणाऱ्या घरात दोन महिन्यांचं टॉय पिल्लू आणणं म्हणूनच योग्य नाही.

घरातल्या कोणत्या गोष्टी त्याच्यासाठी धोक्याच्या आहेत?

तुमच्यासाठी सोफा गुडघ्याएवढा. पॉमेरेनियनची खांद्यापर्यंतची उंची साधारण वीस-बावीस सेंटीमीटर असते. म्हणजे सोफ्यावरून उडी ही त्याच्या उंचीच्या दुपटीहून जास्त उंचीवरून मारलेली उडी असते. या जातीत मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास खूप दिसतो. चालता चालता मध्येच एक पाय उचलून तीन पायांवर उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालतो, असं दिसलं तर ती नवीन स्टाइल नाही, गुडघा दाखवून घ्या. सोफ्याजवळ छोटी पायरी ठेवा आणि गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी टाका.

दुसरी गोष्ट गळपट्टा. छोट्या जातींमध्ये श्वासनलिका कमकुवत होऊन चेपण्याचा आजार आढळतो. बदक ओरडल्यासारखा कोरडा, घोगरा खोकला ही त्याची खूण. गळ्यात पट्टा घालून ओढलं की सगळा ताण तिथेच येतो. म्हणून फिरवताना छातीभोवती बसणारा हार्नेसच वापरा.

तिसरी गोष्ट दात. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात आणि पॉमेरेनियनलाही ४२ च. फक्त जबडा इवलासा. त्यामुळे दाटी होते, दूधदात पडत नाहीत, कीटण साचतं आणि हिरड्या सडतात. कुत्र्यांच्या टूथपेस्टने रोज दात घासायची सवय पिल्लू असल्यापासूनच लावावी लागते. माणसांची टूथपेस्ट नको.

गॅलरीच्या गजांमधली फट, जोरात बंद होणारं दार आणि पायाखाली येणं हे रोजचे धोके. गच्चीवर एकटं सोडलं तर घारीचाही धोका असतो. लहान मुलांनी त्याला उचलायचं असेल तर जमिनीवर बसूनच, असा घरात नियमच करा.

शिवाय अंगावर दुहेरी केसांचा कोट. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याला एसी किंवा कूलर हौस म्हणून नाही, गरज म्हणून लागतो. उकडतंय म्हणून त्याचे केस मशीनने पूर्ण काढून आणू नका. या जातीत ते पुन्हा नीट न येण्याचा प्रकार होतो आणि कातडीला उन्हापासून असलेलं संरक्षणही जातं. रोज विंचरा, पहाटे फिरवा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालवू नका. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो कुत्र्यांनाही होतो आणि याचं तर पोटच रस्त्याला टेकायला आलेलं असतं. रेबीजसोबत लेप्टोच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

‘एकच बिस्कीट दिलं’ म्हणजे नेमकं किती?

दोन किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण दीडशे ते पावणेदोनशे कॅलरी लागतात. चहाबरोबर आपण खातो त्या एका ग्लुकोज बिस्किटात पंचवीसच्या आसपास कॅलरी असतात. आता बाबांनी सकाळी एक दिलं, आजीने एक, मुलांनी दोन. झाल्या शंभर! म्हणजे निम्म्याहून जास्त कोटा बिस्किटांतच संपला. वर ‘बघा ना, हा जेवतच नाही’ अशी तक्रार.

वजनाचंही तसंच. दोन किलोच्या कुत्र्याचं वजन दोनशे ग्रॅमने वाढलं तर आपल्याला कळतही नाही. पण ते दहा टक्के आहे. साठ किलोच्या माणसाचं सहा किलो वाढावं तसं. आणि हा भार पडतो त्याच दुबळ्या गुडघ्यांवर.

विषबाधेचं गणितही वजनावरच चालतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि लसूण कुत्र्यांना घातक आहेत. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल तर अगदी थोड्या प्रमाणातही जीव घेऊ शकतं. तीस किलोचा लॅब्राडॉर चॉकलेटचा जो तुकडा पचवून टाकेल तोच तुकडा दोन किलोच्या कुत्र्याला दवाखान्यात नेऊ शकतो. सत्यनारायणाच्या प्रसादातला मनुका असो की आमटीतला कांदा-लसूण, ‘प्रेमाने थोडंसं’ या शब्दाचा अर्थ याच्या बाबतीत वेगळा आहे.

छोटे कुत्रे जास्त चिडके असतात का?

‘साइज बघा आणि ॲटिट्यूड बघा’ असे मीम्स तुम्ही पाहिलेच असतील. त्यात थोडं तथ्य आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या जातींच्या आक्रमकतेची तुलना केली तेव्हा डॅशहुंड आणि चिवावा या छोट्या जाती वरच्या क्रमांकावर आल्या. रॉटवायलर किंवा पिटबुल नव्हे.

पण असं का? २०१० मध्ये व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी १,२७६ कुत्र्यांच्या मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली. त्यातही छोटे कुत्रे कमी ऐकणारे, जास्त घाबरट आणि जास्त आक्रमक निघाले. पण त्याच वेळी मालकांबद्दलही एक गोष्ट कळली. छोट्या कुत्र्यांचे मालक त्यांना शिकवण्यात आणि त्यांच्याशी खेळण्यात कमी वेळ घालवत होते आणि त्यांच्या वागण्यात सातत्यही कमी होतं. आज जे चालतं ते उद्या चालत नाही, असा प्रकार. आणि जितकी शिक्षा जास्त, तितकी आक्रमकता जास्त असंही दिसलं. हा संबंध छोट्या कुत्र्यांमध्ये अधिक ठळक होता.

आता आपल्या घरांकडे बघूया. तीस किलोचा कुत्रा पाहुण्यांच्या अंगावर गेला तर त्याच दिवशी ट्रेनरला फोन जातो. दोन किलोचा गेला तर सगळे हसतात आणि कोणीतरी मोबाइल काढून शूट करतं. मोठा कुत्रा पट्टा ओढतो तेव्हा आपला खांदा दुखतो. छोटा ओढतो तेव्हा आपण त्याला सरळ उचलून घेतो.

त्याच्या बाजूनेही विचार करा. न विचारता त्याला दिवसातून वीस वेळा हवेत उचललं जातं, अनोळखी हातांत दिलं जातं, तोंडाजवळ तोंड आणलं जातं. तो आधी मान फिरवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो. कोणी लक्ष देत नाही. मग गुरगुरतो. त्यावर हसतात किंवा टपली मारतात. शेवटी त्याच्याकडे चावणं एवढीच एक भाषा उरते. आणि लोक म्हणतात, ‘ही जातच चिडकी!’

म्हणून पहिला नियम असा की गुरगुरण्यावर शिक्षा नको. गुरगुरणं म्हणजे ‘थांबा’ ही त्याची सूचना आहे. ती बंद केलीत तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. आणि चावा कितीही छोटा असला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरकडे जायचंच. रेबीज कुत्र्याचा आकार बघत नाही.

मग ट्रेनिंग कसं द्यायचं?

पॉमेरेनियन हुशार असतो, पटकन शिकतो. चुकीच्या गोष्टीही तितक्याच पटकन शिकतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सुरुवात करा.

घरात एकच भाषा ठरवा. बाबा ‘सिट’ म्हणतात, आजी ‘खाली बस हो बाळा’ म्हणते आणि मुलं ‘बैठ’ ओरडतात. कुत्र्याला हे तीन वेगळे आवाज आहेत. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ असे चार शब्द ठरवून फ्रिजवर लावा. सगळ्यांनी तेच वापरायचे. मराठी की इंग्रजी, त्याला काही फरक पडत नाही.

शिकवताना जमिनीवर बसा. तुम्ही उभे असता तेव्हा त्याच्यासाठी तुम्ही दुमजली इमारत असता. त्याच्यावर वाकलात तर तो मागे सरकतो. खाली बसा, एका वेळी तीन-चार मिनिटंच शिकवा, दिवसातून तीन-चारदा. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचा किंवा साध्या पनीरचा मटाराच्या दाण्याएवढा तुकडाही मोठाच झाला, त्याचे दोन करा. आणि ते रोजच्या जेवणातून वजा करा.

शी-शूची सवय. ‘छोट्या कुत्र्यांना हे जमतच नाही’ असं म्हटलं जातं. खरं कारण वेगळं आहे. मूत्राशय छोटं असल्यामुळे दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा जेमतेम दीड-दोन तास थांबू शकतं. आणि त्याचं डबकं एवढंसं असतं की ते कपाटामागे सुकून जातं, आपल्याला कळतही नाही. उपाय कंटाळवाणा आहे पण नक्की लागू पडतो. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि मध्ये दर दीड तासाने त्याला ठरलेल्या जागी न्या. गॅलरीतला ट्रे असो, पेपर असो किंवा पॅड, जागा बदलू नका. केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. चुकलं तर गुपचूप पुसा. नाक घासणं, ओरडणं यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही. मग ते पलंगाखाली जाऊन करतं. फिनाईलने आपल्याला वास येत नाही, कुत्र्याला येतो. म्हणून पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइम क्लीनर वापरा.

उचलण्याआधी विचारा. ‘वर’ असा एक शब्द ठरवा. तो म्हणा, सेकंदभर थांबा आणि मग उचला. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पुढचे दोन पाय किंवा काखा धरून कधीही उचलू नका. काही दिवसांत ‘वर’ म्हटलं की तो स्वतः पुढे येईल किंवा मागे सरकेल. मागे सरकला तर राहू द्या. दहापैकी आठ वेळा त्याला त्याच्या पायांनी चालू द्या.

जग दाखवा. पिल्लांचा साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात महत्त्वाचा. या काळात जे ओळखीचं होतं त्याची पुढे भीती वाटत नाही. अडचण अशी की लसीकरण तेव्हा पूर्ण झालेलं नसतं. इथे छोटा आकार कामाला येतो. झोळीत किंवा बॅगेत घालून त्याला भाजीबाजार, रिक्षा, लिफ्ट, हेल्मेट घातलेला डिलिव्हरी बॉय, काठी घेतलेले आजोबा हे सगळं लांबून दाखवा आणि सोबत खाऊ द्या. जमिनीवर मात्र ठेवू नका. ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाजही मोबाइलवर अगदी हळू लावून, हळूहळू वाढवत सवयीचे करता येतात.

भुंकणं. पॉमेरेनियन राखणदारच आहे, तो भुंकणारच. भुंकणं पूर्ण बंद करणं हे ध्येय ठेवू नका, थांबवता येणं हे ठेवा. बेल वाजली की त्याने आपल्या गादीवर जायचं, हे शिकवा. आधी बेलशिवाय गादीवर जाण्याचा सराव, मग घरातल्याच कोणीतरी बेल वाजवून सराव. तुम्ही ‘गप्प बस!’ म्हणून ओरडलात तर त्याला वाटतं, आपण दोघं मिळून भुंकतोय. आणि भुंकला म्हणून मांडीवर घेतलंत किंवा खाऊ दिलात, तर तुम्ही त्याला भुंकायलाच शिकवलंत.

रोज फिरवा. ‘घरातच पळतो, फिरवायची गरज नाही’ हे अर्धसत्य आहे. पाय मोकळे होतील, पण डोकं नाही. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं, त्याच्या गतीने, खांबाखांबाला वास घेत. भटका कुत्रा समोर आला तर शांतपणे बाजूला व्हा आणि खरंच धोका असेल तर उचला. प्रत्येक कुत्रा दिसला की उचलत राहिलात तर ‘दुसरा कुत्रा म्हणजे संकट’ हेच त्याच्या मनात बसतं.

सोसायटीने हरकत घेतली तर?

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने ठराव केला तरी सोसायटी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. कुत्रा दिवसभर एकटा राहून भुंकत असेल, लिफ्टमध्ये कोणाच्या अंगावर जात असेल किंवा जिन्यात घाण करत असेल तर शेजाऱ्यांची तक्रार योग्यच आहे. पट्टा लावणं, घाण उचलणं आणि लसीची नोंद जपणं ही तुमची जबाबदारी. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांच्या हद्दीत कुत्र्यासाठी परवानाही काढावा लागतो.

पैसे देण्याआधी घरात हे पाच प्रश्न विचारा

१. पहिले चार महिने दिवसभर घरात कोण असेल?
२. महिन्याचं खाणं, लसी, ग्रूमिंग आणि कधीही येणारं दवाखान्याचं बिल परवडणार आहे का?
३. घरातलं सगळ्यात लहान मूल किती वर्षांचं आहे? चार-पाच वर्षांपेक्षा लहान असेल तर एवढा नाजूक कुत्रा थोडा थांबून आणलेला बरा.
४. आजी-आजोबांसकट सगळे एकच नियम पाळतील का?
५. हा कुत्रा बारा ते सोळा वर्षं जगतो. आज पहिलीत असलेलं मूल तेव्हा कॉलेजात असेल. तेव्हाही तुम्ही त्याला फिरवायला न्याल का?

यातल्या एकाचंही उत्तर ‘बघू’ असेल तर थोडं थांबा. काटक देशी पिल्लू किंवा आधीच्या घराने सोडून दिलेला, वाढलेला पॉमेरेनियन दत्तक घेणं हाही चांगला पर्याय आहे. वाढलेल्या कुत्र्याचा आकार, स्वभाव आणि तब्येत तिघंही समोर दिसतात, तिथे ‘टीकप’ची फसवणूक चालत नाही.

आणि पाचही उत्तरं ‘हो’ असतील तर खुशाल आणा. नीट वाढवलेला पॉमेरेनियन हा हुशार, खेळकर आणि मालकाला सावलीसारखा चिकटणारा कुत्रा असतो. फक्त त्याला कपात बसवू नका, जमिनीवर चालू द्या. आणि ‘प्राइस प्लीज’ विचारणारा एखादा मित्र तुमच्या ओळखीत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी त्याला हा लेख पाठवा.